वाफ्यातली मोकळी जागा

शिकागोच्या पश्चिमेला, हायवेने तासाभराच्या अंतरावर आम्ही नवं घर घेतलं, तेव्हा त्या घराला सगळं होतं, फक्त माती नव्हती. वरची काळी माती बिल्डरने खरवडून कुठेतरी विकून टाकली होती आणि खाली उरलेल्या पिवळ्या चिकणमातीवर हिरवळीच्या गुंडाळ्या सतरंजीसारख्या अंथरून दिल्या होत्या. सगळ्या कॉलनीत तेच. लोक त्या सतरंजीवर खत ओततात, पाणी ओततात, मग वाढली म्हणून कापतात, की पुन्हा खत. शनिवारी सकाळी गल्लीभर गवत कापायचे मोवर सुरू होतात आणि आयुष्यात कधी तुळशीच्या कुंडीला पाणी न घातलेले पुण्या-मुंबईचे इंजिनियर त्यामागे इतक्या गंभीर चेहऱ्याने चालतात की वाटावं, आता पेरणीच करणार.

मला ती सतरंजी नको होती. समोरच्या अंगणातली निम्मी हिरवळ काढून तिथे वाफे करायचे आणि त्यात दरवर्षी आपोआप उगवून येणारी, इथली थंडी सोसणारी झाडं लावायची असं मी ठरवलं. नवऱ्याला सांगितलं. तो कॉलवर होता. म्यूट करून म्हणाला, "रिसेल व्हॅल्यूवर परिणाम होईल." आम्हाला त्या घरात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि हा माणूस ते विकायच्या गोष्टी करत होता. मी त्याला पुन्हा अनम्यूट व्हायला सांगितलं आणि बाहेर गेले.

पहिल्या हिवाळ्याआधी मी एवढंच केलं, की सामान आणलेले सगळे खोके फाडून त्यांचे पुठ्ठे हिरवळीवर पसरले, पाण्याने भिजवले, त्यावर कंपोस्ट आणि सगळ्या गल्लीतली वाळकी पानं टाकली. खालचं गवत अंधारात मरतं, पुठ्ठा कुजतो, गांडुळं येतात. सावकाश होणारी गोष्ट आहे. दिसायला अर्थातच ते उकिरड्यासारखं दिसत होतं.

कोपऱ्यावरच्या घरात एक गृहस्थ राहतात. मूळचे पुण्याचे, एका मोठ्या कंपनीत मॅनेजर. त्यांना कुठल्याही गोष्टीतलं सगळं कळतं, कारण त्यांनी त्यावर एक व्हिडिओ पाहिलेला असतो. ते कुत्र्याला फिरवताना थांबले.

"वहिनी, मूव्हिंगचा कचरा उचलायला कोणी येत नाही का?"

"हा कचरा नाही. वाफा आहे."

"अच्छा." पुठ्ठ्यांकडे बघून ते म्हणाले, "म्हणजे अजून वर्क इन प्रोग्रेस."

पुढे मेमध्ये, कडाका संपल्यावर, मी रोपं लावली. कोनफ्लॉवर, डेलिली, ॲस्टर, दोन पिओनी, थोडं उंच वाढणारं गवत आणि बर्फात टिकणाऱ्या जातीची एक जास्वंद. सगळी तळहाताएवढी. प्रत्येक झाड पूर्ण वाढल्यावर किती पसरेल तेवढी जागा सोडून लावायचं असतं, म्हणून मी तशी सोडली. परिणाम असा झाला की वाफ्यात झाडं कमी आणि माती जास्त दिसू लागली. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने घरी आल्यावर विचारलं, "हे सगळं जळालं का?"

त्याच महिन्यात सासूबाई नागपूरहून आल्या. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ती गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली दिसत नव्हती. विमानतळावरून आल्या, चहा घेतला आणि हात मागे बांधून वाफ्याची तपासणी करायला निघाल्या.

"एवढी जागा मोकळी काऊन सोडली?"

"आई, झाडं मोठी झाली की भरेल."

"कधी?"

"तीन वर्षं तरी लागतील. पहिलं वर्ष ती नुसती मुळं धरतात. वर काही दिसत नाही."

"तीन वर्षं!" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी गृहपाठ विसरून आले होते. "तोपर्यंत मी राहते का?"

हे वाक्य त्या आमच्या लग्नापासून म्हणत आल्या आहेत. लग्नात म्हणाल्या होत्या, मुलगी झाली तेव्हा म्हणाल्या, मुलीची ॲडमिशन झाली तेव्हाही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून घरी आले. मी एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते, आणि ती सवय घरी येताना गाडीत ठेवून येता येत नाही. वाफ्यातली माती हललेली मला लांबूनच दिसली. सासूबाईंनी माझ्या मसाल्याच्या डब्यातले धणे चपलेखाली रगडून आणि मेथीदाणे रात्रभर भिजवून मोकळ्या जागेत पेरले होते. कोनफ्लॉवर आणि डेलिलीच्या मधल्या पट्ट्यात. रांगेत, शाळेसारखे. शनिवारी मुलाला गाडी काढायला लावून त्यांनी दुकानातून झेंडूची रोपंही आणली.

मी नवऱ्याला म्हटलं, "हा भाजीचा मळा नाही."

"यार, जागा रिकामीच होती ना?"

या घरात मला 'यार' म्हणणारा माणूस नवरा म्हणून मिळाला आहे.

आठवड्यात मेथी उगवली. महिन्याभरात आम्ही ती खाल्ली. ऑगस्टपर्यंत झेंडूने सगळा वाफा केशरी करून टाकला आणि माझी महागाची रोपं त्यांच्या मधे कुठेतरी पंक्तीत जागा न मिळालेल्या पाहुण्यांसारखी उभी राहिली. फिरायला जाणाऱ्या अमेरिकन बाया थांबायच्या, "ब्यूटिफुल!" म्हणायच्या, आणि ड्राइव्हवेत खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाई मान हलवून "थँक्यू" म्हणायच्या. जसा काही वाफा त्यांचाच. एकीने तर मला विचारलं, तुझ्या सासूबाईंना वेळ असेल तर माझ्याही अंगणात येतील का?

त्याच उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या गृहस्थांच्या घरी त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. पार्टीच्या आदल्या दिवशी ट्रक आला, माणसं उतरली आणि संध्याकाळपर्यंत बाग तयार. फुलांनी लगडलेली, पूर्ण वाढलेली झाडं एकमेकांना खेटून बसवलेली, खाली रंगवलेला लालभडक लाकडी भुसा. निळ्या गोंड्यांचं हायड्रेंजिया काय, दक्षिणेकडच्या उबदार राज्यांतून आणलेली झुडपं काय. पार्टीत सगळ्या बायका साड्या सावरत तिथे फोटो काढत होत्या. गृहस्थ हातात सोडा घेऊन माझ्याजवळ आले.

"वहिनी, तुमच्याकडे तीन वर्षं लागणार म्हणे. आमच्याकडे वन डे डिलिव्हरी."

मी म्हटलं, "बघू या, हिवाळा येतोय."

"अहो, गॅरंटी आहे. मेली तर नवीन लावून देतात."

ते ऐकून मला त्यांच्याबद्दल उरलासुरला आदरही राहिला नाही. झाड मेलं तर दुसरं मिळेल, या हिशोबाने बाग करणारा माणूस बाग करत नाही, मंडप घालतो. पण चालत घरी परतताना सासूबाई म्हणाल्या, "याला म्हणतात बाग," आणि ते मला जास्त लागलं.

सासूबाई ऑक्टोबरमध्ये परत गेल्या. मग हिवाळा आला. इथला हिवाळा नव्या वाफ्याला छळायचे किती प्रकार जाणतो, ते त्या वर्षी कळलं. बर्फ हटवणाऱ्या गाडीने रस्त्यावरचं मीठ कडेच्या रोपांवर फेकलं. सशांनी गवताचे बुंधे कातरले. आणि मार्चमध्ये दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं सुरू झालं, तशी फुगलेल्या जमिनीने उथळ मुळांची रोपं उचलून वरच काढून ठेवली. सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी बूट घालून त्यांना पुन्हा खाली दाबायचे. नवरा खिडकीतून बघायचा. एकदा दार उघडून म्हणाला, "तू झाडांना लाथा का मारतेस?"

दुसऱ्या मेमध्ये सासूबाई आल्या तेव्हा बहुतेक झाडं उगवली होती, पण फार काही मोठी नव्हती. जास्वंद तर उगवलीच नव्हती. मागच्या वर्षीच्या चार वाळक्या काड्या तेवढ्या उभ्या होत्या. मला माहीत होतं की ती जात फार उशिरा उठते, जून उजाडेपर्यंत जमिनीखालीच राहते. पण हे लोकांना सांगून काही उपयोग नसतो. लोकांना सगळं मेच्या पहिल्या आठवड्यात हवं असतं. कोपऱ्यावरचे गृहस्थ कुत्र्याला घेऊन थांबले आणि नवऱ्याला म्हणाले, "हे डेड आहे. काढून टाका, बाकीच्यांना इन्फेक्शन होईल."

पुढचा भाग मला मुलीने सांगितला. ती कॉलेजच्या सुट्टीवर घरी होती आणि हे सगळं वरच्या खिडकीतून बघत होती. मी त्या शनिवारी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांत वाणसामान आणायला गेले होते. नवऱ्याला, बहुधा वर्षातून एकदा होते तशी, बायकोला मदत करायची इच्छा झाली. गॅरेजमधून फावडं घेऊन तो वाफ्याकडे निघाला. सासूबाई खुर्चीवरून उठल्या आणि जास्वंदीच्या काड्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"कुठे चालला?"

"आई, हे मेलंय. बदलून टाकतो."

"मेलंय ते मलाही दिसतं."

"मग?"

"मग लावलं कोणी? तिने. तिला विचार आणि मग फावडं घाल."

"अगं, तिला सरप्राइज—"

"दुसऱ्याचं झाड खणणं म्हणजे सरप्राइज का? ठेव ते जागेवर."

मुलगी मला म्हणाली, "मॉम, आजी वॉज लाइक अ बाउन्सर." मी पिशव्या उतरवत होते. सासूबाई स्वयंपाकघरात पोळ्यांची कणीक मळत होत्या, त्यांनी या गोष्टीचा एका शब्दानेही उल्लेख केला नाही. पण संध्याकाळी त्यांनी वाफ्यात कुठे धणे टाकू असं पहिल्यांदा विचारलं, आणि मी जागा दाखवली. मागच्या वर्षीपेक्षा कमी जागा होती, पण होती.

जून अर्धा झाल्यावर जास्वंदीच्या बुडातून लालसर जाड कोंब निघाले आणि मग असे वाढले की रोज सकाळी फरक दिसायचा. सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत म्हणाल्या, "या घरात सगळेच उशिरा उठतात." आपला अंदाज चुकला होता असं म्हणणं त्यांच्या सर्व्हिसच्या नियमांत बसत नसावं.

कोपऱ्यावरच्या बागेचं काय झालं, ते सांगताना मला वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही. निम्मी झुडपं त्या पहिल्याच हिवाळ्यात गेली. हायड्रेंजियाला नुसती पानं आली, निळा गोंडा एकही नाही. जी वाचली ती एकमेकांच्या अंगावर चढली आणि दमट हवेत त्यांच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी बुरशी धरली. गॅरंटीत नवीन झाडं आली, तीही गेली. त्यानंतर गृहस्थांनी सगळं उपटून पांढरे गोटे पसरले आणि मधे विजेवर चालणारं कारंजं बसवलं. ते हिवाळ्यात बंद करून ताडपत्रीत गुंडाळून ठेवावं लागतं. सहा महिने त्यांच्या दारात एक निळं गाठोडं उभं असतं. "लो मेंटेनन्स," असं ते म्हणतात.

तिसऱ्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून त्या आल्या नाहीत. आणि नेमकं त्याच वर्षी वाफा उठला. दुसरा शब्द नाही त्याला. दोन वर्षं जमिनीखाली जे चाललं होतं ते सगळं एकदम वर आलं. कोनफ्लॉवर कमरेला लागले, गवत खांद्याला, पिओनीला पहिल्यांदाच फुलं आली आणि पहिल्याच पावसाने जमिनीवर लोळली, कारण पिओनीला अक्कल नसते. पानांनी माती पूर्ण झाकली. तण उगवायलाही फट राहिली नाही. मी फोनवर व्हिडिओ सुरू करून सासूबाईंना सगळं दाखवलं. त्या बराच वेळ बघत होत्या.

"आणि माझी मेथी कुठे लावली?"

"आई, जागाच नाही उरली."

"हो का. बरं झालं. तेवढाच व्याप कमी."

चौथ्या वर्षी त्या काठी घेऊन आल्या. दोन वर्षांत माणूस किती लहान होऊ शकतं ते पाहून मला धक्का बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. त्या वाफ्याच्या कडेकडेने, काठी टेकत, हळूहळू फिरत होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हाताची मूठ बंद. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, मध्ये वाकून पानं बाजूला केली, आत बघितलं, पुन्हा सोडली. मग घरात आल्या, मसाल्याचा डबा उघडला आणि मुठीतले धणे परत वाटीत टाकले. मी भांडी घासत राहिले.

हेच तर मला हवं होतं. माझ्या वाफ्यात कोणी हात घालू नये, हे मी चार वर्षं मनात म्हणत होते. मी काही मायाळू बाई नाही आणि तसं असल्याचा आवही मला आणता येत नाही. पण दिवसभर टेस्टिंग करताना माझं लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी मी त्यांना बाहेर बोलावलं. ॲस्टर दाखवला. ती झाडं तीन-चार वर्षांत बाहेरच्या बाजूने पसरत जातात आणि मधला जुना भाग मरतो. वसंतात ते नीट दिसतं. कडेने हिरवं कडं आणि मध्ये काहीच नाही.

सासूबाई वाकून म्हणाल्या, "याला तर टक्कल पडलं."

"हो. आता हे खणून, तोडून पुन्हा लावायचं. मला एकटीला जमणार नाही."

ते खोटं होतं. मला छान जमलं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं त्यांनाही ते कळलं, पण खोटं पकडायची सवय असलेल्या त्या बाईने त्या दिवशी ते सोडून दिलं. मी ठोंब खणून काढला, त्यांनी खुर्चीत बसून मांडीवर जुनं पोतं घेतलं आणि पाव कापायच्या सुरीने त्याचे तुकडे केले. चुकीचे केले. एक अवाढव्य, एक मुळाशिवायच. मी सांगितलं तर म्हणाल्या, "मला शिकवू नको, सुरी बोथट आहे." मधला मेलेला भाग आम्ही फेकून दिला, एक चांगला तुकडा परत लावला, आणि भोवती हातभर माती उघडी राहिली.

"आणि इथे?" त्यांनी विचारलं.

"तिथे यंदा तुम्ही बघा."

मग डेलिलीही काढल्या. एकेका ठोंबाचे पाच-सहा झाले. ते ठेवणार कुठे? सासूबाईंनी पिशव्या भरल्या आणि गल्लीत वाटप सुरू केलं. वाफ्यापाशी थांबून 'ब्यूटिफुल' म्हणणाऱ्या बायका आल्या. शेवटी कुत्र्याला घेऊन गृहस्थही आले.

"काकू, आम्हाला नाही का? गोट्यांच्या कडेला लावू म्हणतो."

"घ्या की." त्यांनी पिशवी पुढे केली आणि मग मागे घेतली. "पण तुम्हाला ट्रकने येणाऱ्या झाडांची सवय. याला पाय नाहीत. सावकाश येईल."

"काकू, तुम्ही पण ना!" असं म्हणून ते हसले. सासूबाई हसल्या नाहीत. पिशवी मात्र दिली. गृहस्थांनी सगळे तुकडे एकमेकांना चिकटवून एका ओळीत लावले, हे मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना पाहिलं. मी गाडी थांबवली नाही.

त्या उन्हाळ्यानंतर सासूबाई इकडे आल्या नाहीत. डॉक्टरांनी एवढा लांबचा विमानप्रवास बंद केला. मुलाला त्या फोनवर म्हणाल्या की आता तुम्हीच या, आणि तो म्हणाला, बघतो. त्याच्या 'बघतो'चा अर्थ मला ठाऊक असल्यामुळे गेल्या जूनमध्ये मी एकटीच गेले. नागपूरच्या उन्हात, ऐन फुलांच्या दिवसांत वाफा सोडून. जाताना नवऱ्याला बजावलं, "कशालाही हात लावायचा नाही. पाणी घालायचं नाही, कापायचं नाही, मदत तर मुळीच करायची नाही."

महिनाभर मी सासूबाईंजवळ होते. सकाळी त्यांच्या गॅलरीत आम्ही चहा प्यायचो, त्या शेजारणीच्या कुंड्यांना नावं ठेवायच्या आणि मी त्यात भर घालायचे. या एका बाबतीत आमचं पहिल्यापासून पटतं. वाफ्याबद्दल त्यांनी एकदाच विचारलं. "तू इथे, मग तिकडे कोण बघतं?"

"कोणी नाही."

"मरेल ना सगळं."

"बघू."

जुलैत परतले. टॅक्सी दारात थांबली आणि मी सामान न उतरवताच बघत राहिले. कोनफ्लॉवर भरगच्च फुलले होते, गवताला तुरे येऊ घातले होते, जास्वंदीवर ताटलीएवढी पहिली फुलं. मधमाश्या, एक छोटा पिवळा पक्षी देठाला लोंबकळत. महिन्याभराच्या कोरड्या हवेत एक झाड सुकलेलं नव्हतं. मुळं खोल गेली की असंच होतं, मी स्वतःच लोकांना सांगत असते. नवरा बाहेर आला, म्हणाला, "बघ, मी काहीच केलं नाही," आणि अभिमानाने बॅग उचलली.

कोणाचंही माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. मी प्रवासाच्या चपला तशाच ठेवून वाफ्यात शिरले, उपटायला काही सापडतंय का ते बराच वेळ शोधलं. काही सापडलं नाही. मला थोडा रागच आला.